तैलबैलाच्या पायथ्याशी दोर धरताना

पुण्यातल्या ट्रेकरला कडा नवा नसतो. सिंहगड तर घरचाच, राजगड-तोरणा पायाखालचे. ढाकच्या बहिरीला उभ्या कातळावर लोंबणाऱ्या दोराला धरून गुहेत जाऊन आलेलेही पुष्कळ भेटतात. मीही गेले आहे. पण तो दोर वर कशाला बांधलाय, कुणी बांधला, त्यानं किती पावसाळे अंगावर घेतलेत, हे विचारणारं त्या वाटेवर मला कुणी भेटलेलं नाही. सगळा भार दोरावर टाकायचा आणि दोराबद्दल काहीच ठाऊक नसायचं, हे मला फार दिवस खुपत होतं. म्हणून यंदाच्या थंडीत पुण्यातल्या एका गिर्यारोहण संस्थेच्या प्रस्तरारोहण वर्गाला नाव घातलं. सुरुवात शहरात, शेवट लोणावळ्यापलीकडच्या तैलबैलाच्या कातळभिंतींवर. रोज रात्री वहीत जे उतरवलं त्यातलं महत्त्वाचं इथे सविस्तर लिहिते आहे.

गुरुवार संध्याकाळ, सदाशिव पेठ

जमलेली माणसं अगदी वेगवेगळी. इंजिनिअरिंगची मुलं, हिंजवडीत नोकरी करणारं एक जोडपं, शाळेत पीटी शिकवणाऱ्या ताई, बँकेतून निवृत्त झालेले एक काका. शिकवणारे सर सह्याद्रीत अर्धं आयुष्य घालवलेले, आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेला एक तरुण दादा.

सरांनी टेबलावर दोन दोर ठेवले. जाडी जवळपास सारखी, वीणही सारखी. "यातला कुठला बांधून चढाल?" कुणालाच सांगता येईना. दोन्ही नायलॉनचे, दोन्हींत आतला गाभा आणि त्यावर विणलेलं आवरण. ही रचना १९५३ साली एडेलरिड या जर्मन कंपनीनं आणली. त्याआधी पीळ दिलेले दोर असत. फरक होता तो ताण बसल्यावरच्या वागण्यात. एक स्टॅटिक, म्हणजे जवळपास न ताणणारा. तो रॅपलिंगला (म्हणजे दोरावरून कडा उतरायला), सामान ओढायला, बचावकार्याला. दुसरा डायनॅमिक. माणूस पडला की हा ताणला जातो आणि पडण्याची ऊर्जा स्वतःत जिरवतो. आंतरराष्ट्रीय चाचणीत सिंगल दोराला ८० किलोचं वजन बांधून जोरात पाडतात; पहिल्या वेळी बसणारा झटका १२ किलोन्यूटनच्या वर जाता कामा नये आणि असे किमान पाच झटके दोरानं सोसले पाहिजेत. बारा किलोन्यूटन म्हणजे जवळजवळ बाराशे किलोंचा भार. स्टॅटिक दोरावर लीड करताना, म्हणजे सगळ्यांच्या पुढे दोर घेऊन चढताना, कुणी पडलं, तर दोर तुटणार नाही कदाचित, पण झटका माणसाच्या कण्याला आणि दोर कातळाला जिथे बांधलाय त्या अँकरला बसेल.

मग फळ्यावर फॉल फॅक्टर आला. पडलेली उंची भागिले मधे असलेला दोर. अँकरच्या दोन मीटर वर चढून घसरलात, मधे काहीच अडकवलेलं नाही, तर चार मीटर पडणार आणि दोर आहे दोनच मीटर. फॅक्टर दोन, सगळ्यात वाईट. तेच चार मीटर वीस मीटर दोर सुटलेला असताना पडलात तर फॅक्टर ०.२. काकांनी हे गणित लगेच वहीत मांडलं आणि म्हणाले, "म्हणजे सर, खाली असताना पडणं जास्त महाग." सरांनी मान हलवली. जमीन जवळ आहे म्हणून बिनधास्त राहणं किती चुकीचं, हे त्या एका भागाकारात दिसलं.

दोराची निगा हा भाग मला सगळ्यात नवा होता. दोरावर पाय द्यायचा नाही, कारण दगडाचे बारीक कण आवरणातून गाभ्यात शिरतात आणि आतून तंतू कापतात. धारेवर घासू द्यायचा नाही. गाडीच्या डिकीत बॅटरीजवळ तर कधीच ठेवायचा नाही. ॲसिडच्या नुसत्या वाफेनंही नायलॉन कमजोर होतं आणि वरून काही दिसत नाही. प्रत्येक दोराची वही असते: कधी घेतला, कुठे वापरला, मोठा झटका बसला का. न वापरलेला दोरसुद्धा साधारण दहा वर्षांनी बाद करावा असं बनवणाऱ्या कंपन्या सांगतात.

गाठी रात्री उशिरापर्यंत चालल्या. फिगर ऑफ एट, क्लोव्ह हिच, डबल फिशरमन, प्रुसिक. घरी येऊन स्वयंपाकघरातल्या खुर्चीच्या पायाला बांधत बसले.

शुक्रवार, शिवाजीनगरची भिंत

पोरं उत्साहात आली होती. समोर उंच कृत्रिम भिंत, रंगीबेरंगी होल्ड. पण सकाळभर कुणी जमिनीवरून पाय उचलला नाही. दादानं जोड्या लावल्या आणि बिले, म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळणं, सुरू केलं.

चढणारा दोराला बांधलेला असतो. दोर वरच्या अँकरमधून फिरून खाली येतो आणि बिले देणाऱ्याच्या हार्नेसला (कमरेच्या आणि मांड्यांच्या पट्ट्यांना) अडकवलेल्या छोट्या उपकरणातून जातो. दोर त्यातून वळताना घर्षण होतं. मुठीतलं मोकळं टोक खाली ओढून धरलं की दोर अडतो. पन्नास किलोची मुलगी ऐंशी किलोच्या माणसाला एका हातानं थांबवू शकते ती या घर्षणाच्या जोरावर, पण तो हात दोरावर असेल तरच. ओढा, खाली अडवा, दुसरा हात आणा, सरका. दर वेळी हेच, आणि ब्रेकचा हात कुठल्याही क्षणी दोरावरून सुटायचा नाही. एक जण जमिनीवरच पुढे चालत जायचा, दुसरा दोर सोडायचा आणि घ्यायचा. दादा शिट्टी घेऊन फिरत होता. बोटं नुसती सैल झाली तरी शिट्टी.

तासाभरानं एका मुलानं विचारलं, "दादा, आम्ही चढायचं कधी?"

"तुला कुणीतरी धरू शकेल अशी माझी खात्री झाली की," दादा म्हणाला.

हे वाक्य मी वहीत लगेच लिहून घेतलं, कारण माझ्या डोक्यातलं चढाईचं चित्र त्यानं फिरवलं. आपण नेहमी वर गेलेल्याचं कौतुक करतो. फोटो त्याचा, गोष्ट त्याची. खालच्या माणसाचं नावही कुणी विचारत नाही, आणि वरच्याचा जीव तर त्याच्याच मुठीत.

दुपारी वाळूनं भरलेलं पोतं दोराला बांधून वर चढवलं आणि दादानं न सांगता सोडून दिलं. माझी पाळी आली तेव्हा हार्नेसला असा हिसका बसला की टाचा जमिनीवरून उचलल्या गेल्या. पोतं थांबलं. मूठ आपोआप खाली गेली होती. विचार करायला वेळच मिळाला नाही. सकाळभर तेच ते का करून घेतलं, हे मला त्या हिसक्यानं पटवलं. पीटीच्या ताई आमच्यातल्या सगळ्यात ताकदवान, पण त्यांनाही दादानं भिंतीच्या जवळ उभं राहायला लावलं. भिंतीपासून दूर उभं राहिलं की झटक्यासरशी माणूस फरफटत पुढे जातो आणि चढणारा तेवढाच खाली येतो.

मग पार्टनर चेक. चढण्याआधी दोघांनी एकमेकांना हात लावून तपासायचं: हार्नेसचं बक्कल, गाठ, उपकरणातला दोर, कॅराबिनरचा (दोर अडकवायच्या धातूच्या कडीचा) लॉक, हेल्मेट. नुसतं बघायचं नाही, दाबून ओढून पाहायचं. इथे सरांनी लिन हिलची गोष्ट सांगितली. जगातल्या सर्वोत्तम गिर्यारोहक स्त्रियांपैकी एक. १९८९ साली फ्रान्समधल्या बुऊ इथे तिनं दोर हार्नेसमधून ओवला, गाठ पुरी करायची राहिली, आणि वरून जाकीट असल्यामुळे ते कुणाला दिसलं नाही. चढाई संपवून ती उतरायला दोरावर झुकली आणि सुमारे सत्तर फूट खाली आली. झाडाच्या फांद्यांमुळे वाचली. चार वर्षांनी याच बाईनं अमेरिकेत योसेमिटीतल्या एल कॅपिटन कड्यावरचा नोज हा मार्ग जगात पहिल्यांदा मुक्त पद्धतीनं, म्हणजे वजन फक्त हातापायांवर घेऊन, पूर्ण केला. सर म्हणाले, "तिच्या हातून राहू शकतं, तर आपल्या हातून राहणारच. म्हणून दुसऱ्याचे डोळे लागतात." त्यानंतर वयाचा संकोच गळून पडला. इंजिनिअरिंगचा पोरगा काकांना सरळ सांगू लागला, "काका, थांबा, बक्कल परत दाखवा," आणि काका दाखवत होते.

चार वाजता अखेर चढायला मिळालं. त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. हात भरून आले, पाय शिकले.

शनिवार, तैलबैला

पहाटे पुणं सोडलं. लोणावळ्याला चहा आणि वडापाव, मग ॲम्बी व्हॅलीच्या रस्त्यानं कोरीगडावरून पुढे, सालतरची खिंड ओलांडून तैलबैला. गाव जवळ आलं तसं सगळे खिडकीला लागले. पठारावर दोन जुळ्या कातळभिंती दोनशे फुटांहून उंच उभ्या, मधे खिंड, पलीकडे कोकण. आमचा मुक्काम गावातल्या एका घराच्या पडवीत. घरच्या आजींनी आल्याआल्या पाणी दिलं आणि विचारलं, "माश्यांचं बघितलं का?"

आग्या मोहोळ. या भागात चढणाऱ्यांच्या पहिल्या प्रश्नांपैकी हा एक. सर आणि दादा दुर्बीण घेऊन बराच वेळ भिंतीचा प्रत्येक कोपरा न्याहाळत राहिले. एका बाजूला ओव्हरहँगखाली, म्हणजे बाहेर झुकलेल्या कातळाखाली, काळी पोळी लोंबत होती. ती बाजू पूर्ण रद्द. अत्तर नाही, डिओ नाही, धूर नाही, आरडाओरडा नाही. जमिनीवरचा माणूस पळू तरी शकतो. दोरावर लटकलेल्याला पळायला जागा नसते. गावात राहणाऱ्या आजींना जे सहज आठवतं, ते शहरातून आलेल्यांना आठवावं म्हणून सरांनी दुसऱ्या दिवशीही चढाईआधी तीच पाहणी केली.

खिंडीत भैरोबाचं ठाणं आहे. तिथे नारळ ठेवून भिंतीखाली आलो. सह्याद्रीचा दगड म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे एकावर एक साचलेले थर. बेसाल्ट ताजा असला तर पोलादासारखा, पण थरांच्या सांध्यात तो कुजका, कुठे कुठे लाल मातीचा पट्टा. फुटतो तो चौकोनी, म्हणून पकडी छान मोठ्या दिसतात आणि त्यातलीच एखादी हातात येते. सरांनी पकड बोटांच्या पेरांनी ठोकून बघायला शिकवलं. भरीव आवाज आला तर वजन द्या, पोकळ आला तर सोडा. कपारीतल्या वाळक्या गवतावर पाय ठेवायचा नाही. त्याखाली मुरूम असतो. दगड सुटला की ज्यानं पाहिला त्यानं "दगड!" ओरडायचं, आणि खालच्यांनी वर बघायचं नाही, भिंतीला चिकटून हेल्मेट पुढे करायचं. दुपारी एकदा खरंच मुठीएवढा दगड आला. सगळे भिंतीला चिकटले. कुणाला लागला नाही.

संध्याकाळी अँकर. सरांनी बादलीभर पाणी दोराच्या मध्यावर टांगलं आणि दोन्ही टोकं दोन धट्ट्याकट्ट्या पोरांच्या हातात दिली. जवळजवळ उभे होते तोवर सोपं. "आता एकमेकांपासून लांब जा." जसजसे लांब गेले तसतसे हात थरथरू लागले. "आता दोर सरळ करा." दोघांनी जीव खाऊन ओढलं, दोर काही सरळ झाला नाही. कातळात ठोकलेल्या दोन बोल्टना जोडणाऱ्या स्लिंगचंही (मजबूत पट्टीच्या वेटोळ्याचंही) हेच. दोन बाजूंमधला कोन साठ अंशांचा असेल तर प्रत्येक बोल्टवर भाराच्या सुमारे ५८ टक्के येतात, नव्वदला ७१ टक्के, आणि एकशेवीस अंशांना दोन्हींवर पूर्ण शंभर टक्के. म्हणजे दोन बोल्ट लावून एकाचाच उपयोग. शक्यतो साठाच्या आत राहायचं. आणि एक बोल्ट निघाला तर दुसऱ्यानं झटक्याशिवाय भार घेतला पाहिजे, अशी बांधणी हवी.

इथल्या पावसात लोखंड किती टिकतं हेही पाहिलं. भिंतीच्या पायथ्याशी एक जुनी मेख होती, गंजून पापुद्रे सुटलेली. दादानं हातोडीनं हळूच टोला दिला; खणखणीत वाजायच्या ऐवजी बद्द आवाज आला. त्यात वर्षानुवर्षं कुणीतरी कॅराबिनर अडकवत असणार.

रात्री पिठलं, नाचणीची भाकरी, ठेचा. नऊला सगळे आडवे.

रविवार, भिंतीवर

सरांनी लीड केलं, मी आणि ताई त्यांच्यामागून. बिले आता वरून. पहिल्या वीसेक फुटांत पकडी भरपूर, मग एक गुळगुळीत पट्टा आला. बुटांची टोकं बोटभर कंगोऱ्यावर, गाल कातळाला. वरचा दोर हलकेच कमरेला जाणवत होता. ओढत नव्हता, आहे एवढंच सांगत होता. कालपर्यंत मी दुसऱ्यांसाठी जे करत होते तेच कुणीतरी माझ्यासाठी करत आहे, या जाणिवेनं पाय स्थिर झाले. पट्टा पार केला.

खिंडीतला वारा मात्र शब्द उडवून नेतो. शेजारी दुसरी जोडी चढत होती. तिकडच्या "स्लॅक"वर इकडच्यानं दोर सोडला तर काय होईल, याचा विचार करून सरांनी सकाळीच नियम घातला होता: आधी नाव, मग आज्ञा. "ताई, टेक!" "काका, बिले ऑफ!" जिथे तेही ऐकू जाणार नाही तिथे दोराचे ठरलेले झटके. चढण्याआधी खाली उभं राहून ते ठरवायचं. वर गेल्यावर ठरवता येत नाही.

निम्म्या उंचीच्या कपारीतून घनगड आणि सुधागड दोन्ही दिसले. पाणी प्यायलो आणि रॅपलिंगची तयारी सुरू केली.

पुण्या-मुंबईकडची बहुतेक माणसं दोराशी पहिल्यांदा जोडली जातात ती रॅपलिंगनं. पावसाळ्यात धबधब्यातून उतरवण्याचे कार्यक्रम शनिवार-रविवारी ओसंडून वाहतात. लोकांना ते सोपं वाटतं, कारण उतरताना ताकद लागत नाही. पण रॅपलिंगमध्ये प्रत्येक क्षणी सगळा भार एका अँकरवर आणि एका उपकरणावर असतो. चढताना न घसरणारा माणूस दोराची परीक्षा घेतच नाही. उतरणारा सतत घेत असतो. म्हणून सरांचा सगळ्यात कडक चेहरा आम्ही या कपारीवर पाहिला. आधी स्वतःला स्लिंगनं अँकरला बांधायचं. मग उपकरण, त्याखाली प्रुसिकच्या जातीची ऑटोब्लॉक गाठ, म्हणजे हात सुटला तरी माणूस जागेवर थांबतो. मग दोरावर वजन टाकून बघायचं, आणि त्यानंतरच स्लिंग काढायची.

दोर अँकरमधून ओवून दुहेरी खाली सोडलेला असतो. त्याच्या दोन्ही टोकांना गाठी. २०१९ साली ब्रॅड गोब्राइट हा नामांकित अमेरिकन गिर्यारोहक मेक्सिकोत एल पोत्रेरो चिकोला उतरताना दोराच्या टोकावरून निसटून गेला. टोकाला गाठ नव्हती. एल कॅपिटनवर वेगाचा विक्रम केलेला माणूस, गाठीला लागतात दहा सेकंद. सरांनी हे सांगितलं तेव्हा कपारीवर कुणी बोललं नाही. धबधब्याच्या कार्यक्रमाला जाणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे: पैसे भरण्याआधी विचारा की अँकर किती ठिकाणी बांधलाय, हात सुटला तर काय थांबवणार आहे, खाली टोकाला गाठ आहे का. आयोजकानं उत्तर टाळलं तर घरी या.

कडेवर पाठ करून मागे झुकणं शरीराला पटत नाही. पाय खांद्याइतके फाकवून, टाचा कातळाला लावून बसायचं. पहिली दोन पावलं जड गेली, मग उपकरणातून दोर सरकायचा आवाज लयीत येऊ लागला. खाली पोचल्यावर टोकाच्या गाठी सोडल्या, कारण गाठ राहिली तर दोर ओढताना वर अडकून बसतो, आणि एक टोक खेचलं. दोर सळसळत खाली आला. काका म्हणाले, "सूर्याजीनं कापले होते, आपण ओढून घेतले." सर हसले, आणि लगेच म्हणाले, ओढण्याआधी पुढचा अँकर हातात आहे का ते बघा, कारण त्यानंतर वर जायला वाट नाही.

सोमवार सकाळ

परतण्याआधी बचावाचे धडे. बिले देणाऱ्याच्या हातात जखमी माणसाचा भार आहे, त्याला मदतीला जायचं आहे, तर दोर सोडायचा कसा? आधी उपकरण बांधून टाकायचं. मग प्रुसिकनं भार दुसऱ्या अँकरवर न्यायचा, इटालियन हिच ही सरकती गाठ लावून तो हळूहळू त्यावर सोपवायचा आणि स्वतः मोकळं व्हायचं. ज्या गाठीला आपण प्रुसिक म्हणतो ती कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकानं १९३१ साली लोकांपुढे आणली. पातळ दोराचं साधं वेटोळं, भार आला की आवळतं, काढला की सरकतं. दोन प्रुसिकवर आम्ही प्रत्येकी झाडाला टांगलेल्या दोरावरून वर चढून पाहिलं. फार मंद काम आहे, पण हात-पाय चालत असतील तर माणूस स्वतःची सुटका स्वतः करू शकतो.

बेशुद्ध माणूस हार्नेसमध्ये निपचित लटकत राहिला, तर पायात रक्त साकळतं आणि थोड्याच वेळात जिवावर बेतू शकतं. त्यामुळे त्याला खाली आणण्याची घाई खरी असते. हा सराव आम्ही घड्याळ लावून केला. पहिल्या जोडीला वेळ फार लागला, शेवटच्या जोडीला बराच कमी. सरांच्या मते तोही जास्त होता. त्यांनी आम्हाला पुन्हा करायला लावलं.

जेवून निघालो. गाडीत मुलांचं उत्तरकाशीचं बोलणं चाललं होतं. १९६५ साली सुरू झालेल्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या बेसिक कोर्सला त्यांना जायचंय. सरांनी त्यांना आधी सहा महिने भिंतीवर घालवायला सांगितलं. आमच्यासाठी बुधवारची संध्याकाळ ठरली आहे, शिवाजीनगरलाच. खरेदीबद्दल सर म्हणाले की हेल्मेट, हार्नेस, बिलेचं उपकरण आणि एक लॉकचा कॅराबिनर स्वतःचा घ्या, दोर संस्थेचा वापरा. वापरलेला हार्नेस कुणी स्वस्तात देऊ केला तर नाही म्हणा, त्याचा इतिहास तुम्हाला कळणार नाही. लीडच्या वर्गाची यादी दिवाळीनंतर लागेल, आणि निवड करताना ते बिलेची परीक्षा घेणार आहेत. ताईंनी आणि मी जोडीनं नाव दिलं आहे.